परदेशातून आलेली चालू हस्तांतरणं: एखाद्या देशाची अनेक वर्षांची मालिका कशी तयार करायची आणि कशी वाचायची

ही मालिका मी पहिल्यांदा करायला घेतली, तेव्हा एकाच देशाचे एकाच वर्षाचे तीन आकडे हाती आले. तिन्ही प्रतिष्ठित ठिकाणांहून घेतलेले आणि तिन्ही वेगळे. त्यांतला चुकीचा कोणता हे शोधण्यात दोन दिवस गेले. मग कळलं की चुकीचा कोणताच नव्हता. एक आकडा ढोबळ होता, म्हणजे फक्त आत आलेलं; दुसरा निव्वळ, म्हणजे आलेल्यातून बाहेर गेलेलं वजा केलेला; आणि तिसऱ्यात पगाराची रक्कमही धरलेली होती. तुमचे हे दोन दिवस वाचावेत म्हणून मला लागलेले सगळे खाचखळगे इथे क्रमाने मांडते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या मालिकेत दिसणाऱ्या मोठ्या उड्यांपैकी बऱ्याच उड्या पैसा वाढल्यामुळे आलेल्या नसतात, मोजणी बदलल्यामुळे आलेल्या असतात. त्यामुळे आलेख वर गेलेला दिसला की लगेच कारण लिहायला बसू नका. आधी मोजणी तपासा.

१. कशाला चालू हस्तांतरण म्हणतात ते पक्कं करा

देशाचा बाकी जगाशी झालेला सगळा आर्थिक व्यवहार व्यवहारतोलात नोंदवला जातो. त्यातल्या चालू खात्याचे चार भाग असतात: वस्तू, सेवा, प्राथमिक उत्पन्न आणि दुय्यम उत्पन्न. आपल्याला हवा आहे तो चौथा. जुन्या कागदपत्रांत त्यालाच ‘चालू हस्तांतरणं’ म्हणतात, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘एकतर्फी हस्तांतरणं’ असाही शब्द सापडतो.

ओळखण्यासाठी स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला: या पैशाच्या बदल्यात समोरच्याला काही मिळालं का? माल, सेवा, व्याज, परतफेडीचं वचन असं काहीही दिलं असेल, तर ते हस्तांतरण नाही. परदेशी राहणाऱ्या मुलाने आईवडिलांना घरखर्चासाठी पाठवलेले पैसे हे हस्तांतरण. परकीय सरकारचं अनुदानही हस्तांतरण. त्याच सरकारने दिलेलं कर्ज मात्र नाही, मग व्याज कितीही कमी असो. दुसऱ्या देशाच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेतून इथे राहणाऱ्या माणसाला मिळणारं पेन्शन, विम्याचे दावे, संस्थांना येणाऱ्या देणग्या हे सगळं याच खान्यात पडतं.

दुसरा: हे चालू आहे की भांडवली? कर्जमाफी, धरण किंवा रस्ता बांधण्यासाठी मिळालेलं अनुदान ही भांडवली हस्तांतरणं. ती भांडवली खात्यात जातात आणि आपल्या मालिकेत येत नाहीत. ही विभागणी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवहारतोलाच्या नियमपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने, १९९३ मध्ये पक्की केली. त्यापूर्वीच्या तक्त्यांत दोन्ही एकत्र सापडू शकतात.

एक बारीक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते. मदत पैशातच यावी असं नाही. धान्य किंवा औषधं मदत म्हणून आली, तर आयातीत त्यांची किंमत दाखवली जाते आणि समोर तेवढीच रक्कम हस्तांतरण म्हणून जमा दाखवली जाते. म्हणजे एकही डॉलर बँकेत न येता मालिकेतला आकडा वाढू शकतो.

२. आधी एवढं जवळ घ्या

• ज्या देशाचा अभ्यास करायचा त्याच्या मध्यवर्ती बँकेचा किंवा सांख्यिकी कार्यालयाचा व्यवहारतोलाचा सविस्तर तक्ता, शक्यतो तिमाही
• वर्ल्ड बँकेच्या जागतिक विकास निर्देशांकांतली ‘सेकंडरी इन्कम रिसीट्स’ ही मालिका
• नाणेनिधीची व्यवहारतोलाची आकडेवारी, घटकवार फोडीसह
• त्याच देशाचा चालू किमतींचा जीडीपी, लोकसंख्या आणि सरासरी विनिमय दर
• डॉलरमधली महागाई काढून टाकण्यासाठी अमेरिकेचा किंमत निर्देशांक
• आकड्यांसोबत दिलेल्या टिपा, म्हणजे मेटाडेटा
• एक साधी स्प्रेडशीट

यातल्या टिपा लोक वाचत नाहीत. माझं मत विचाराल तर आकड्यांआधी त्या वाचा. अर्धा तास जातो, पण पुढचा आठवडा वाचतो.

३. योग्य ओळ निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून एका काल्पनिक देशाचं उदाहरण घेऊन सावकाश बघू. सगळे आकडे दशलक्ष डॉलरमध्ये.

समजा, या देशाला एका वर्षात दुय्यम उत्पन्न म्हणून १,००० मिळाले. त्यात सरकारला मिळालेली अनुदानं २५०, कुटुंबांना व्यक्तींकडून आलेले पैसे ६०० आणि इतर १५०. याच देशातून बाहेर गेलेली हस्तांतरणं ३००. शिवाय, थोड्या काळासाठी परदेशी कामाला जाऊन आलेल्या इथल्या रहिवाशांनी ४०० पगार कमावला.

आता तीन ठिकाणी काय दिसेल? ‘दुय्यम उत्पन्न, जमा’ या ओळीत १,०००. ‘निव्वळ दुय्यम उत्पन्न’ या ओळीत ७००. आणि वर्ल्ड बँकेच्या ‘पर्सनल रेमिटन्सेस, रिसीव्हड’ (रेमिटन्स म्हणजे परदेशातल्या माणसांकडून घरी येणारा पैसा) या मालिकेत ६०० अधिक ४००, म्हणजे पुन्हा १,०००.

पहिला आणि तिसरा आकडा सारखाच आहे, पण त्यांच्या आत वेगळ्याच गोष्टी आहेत. रेमिटन्सच्या मालिकेत सरकारी अनुदान धरलेलंच नाही. उलट, त्यात पगाराचे ४०० आहेत, आणि ते प्राथमिक उत्पन्न आहे, हस्तांतरण नव्हे, कारण त्याच्या बदल्यात माणसाने श्रम दिले. कुणी ‘हस्तांतरणं अधिक रेमिटन्स’ अशी बेरीज करून २,००० लिहिले, तर त्यात ६०० दोनदा मोजले गेले. अशी बेरीज मी छापील अहवालात पाहिली आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही, हे दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या छोट्या देशाकडे पाहिलं की समजतं. तिथले अनेक पुरुष पिढ्यानपिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत काम करत आले. त्यांना लेसोथोचेच रहिवासी धरलं जातं, त्यामुळे त्यांची कमाई प्राथमिक उत्पन्नात जाते. घरी पोचणारा पैसा तोच आणि त्यावर चालणारी चूलही तीच, पण आपल्या मालिकेत तो नाही. लेसोथोच्या दुय्यम उत्पन्नात मोठा वाटा असतो तो सीमाशुल्क संघाकडून सरकारला मिळणाऱ्या रकमेचा. १९१० पासून चालत आलेल्या या संघात दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी आहेत. जमा होणारं शुल्क ते सूत्राने वाटून घेतात.

थोडक्यात, देशाला किती आलं हे विचारायचं असेल तर ‘जमा’ची ढोबळ ओळ घ्या. निव्वळ आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो एकूण राष्ट्रीय व्ययशक्य उत्पन्न, म्हणजे देशाला खर्च किंवा बचत करता येईल असं उत्पन्न, काढताना लागतो: जीडीपी, अधिक निव्वळ प्राथमिक उत्पन्न, अधिक निव्वळ दुय्यम उत्पन्न. सौदी अरेबियासारख्या देशात बाहेर जाणारं खूप जास्त असल्याने निव्वळ आकडा उणे येतो. नवखा माणूस ती उणे संख्या पाहून आकडेवारीतच चूक आहे असं समजतो.

४. एकूण आकड्यावर थांबू नका, फोड करा

किमान दोन रकाने करा: सरकारला आलेलं आणि बाकी सगळ्यांना आलेलं. दुसऱ्या रकान्यातून जमलं तर व्यक्तींनी व्यक्तींना पाठवलेले पैसे वेगळे काढा.

कारण या दोन प्रवाहांचा स्वभावच निराळा आहे. अनुदानं राजकीय निर्णयावर चालतात. ती एका वर्षी ढीगभर येतात आणि पुढच्या वर्षी आटतात. घरच्यांना पाठवलेला पैसा लाखो छोट्या निर्णयांतून बनतो, म्हणून तो संथ चालतो, आणि मायदेशी संकट आलं की अनेकदा वाढतो. दोन्ही एकत्र ठेवले की कुणाचीच चाल नीट दिसत नाही.

फोड कशी असावी याचा नमुना म्हणून नेपाळच्या मध्यवर्ती बँकेचे जुन्या धर्तीचे तक्ते जरूर पाहा. त्यांत हस्तांतरणांखाली अनुदान, कामगारांचं रेमिटन्स, पेन्शन आणि इतर अशा ओळी असतात. पेन्शनची वेगळी ओळ कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले गोरखा सैनिक डोळ्यांसमोर आले आणि ती ओळ कळली. एका देशाचा शंभर-दोनशे वर्षांचा इतिहास त्या एका ओळीत बसलेला आहे.

५. मोजणीचे सांधे शोधून खुणा करा

मोठ्या कालखंडाची मालिका सलग दिसते, पण ती वेगवेगळ्या पद्धतींचे तुकडे जोडून केलेली असते. हे सांधे कुठे आहेत ते स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या रंगाने दाखवा.

मुख्य सांधा नाणेनिधीच्या नियमपुस्तिकेच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीमधला. सहावी आवृत्ती २००९ ची. ‘दुय्यम उत्पन्न’ हे नाव तिनेच आणलं. पाचव्या आवृत्तीत ‘कामगारांचं रेमिटन्स’ होतं, म्हणजे पाठवणारा तिथे नोकरीला आहे हे महत्त्वाचं. सहाव्यात त्याजागी ‘वैयक्तिक हस्तांतरणं’ आली. पाठवणारा नोकरी करतो, भाड्याच्या उत्पन्नावर जगतो की पेन्शनवर, हे बघायचं कारण उरलं नाही. एका कुटुंबाकडून दुसऱ्या देशातल्या कुटुंबाकडे गेलेली रक्कम, बस्स. साहजिकच व्याप्ती वाढली. देशांनी ही पद्धत वेगवेगळ्या वर्षी स्वीकारली, म्हणून प्रत्येक देशाचा सांधा वेगळा असतो. तो टिपांतच सापडेल.

जुने आणि नवे तक्ते शेजारी ठेवताना चिन्हाकडेही लक्ष द्या. जुन्या सादरीकरणात बाहेर गेलेली रक्कम उणे लिहिलेली असते, नव्यात जमा आणि नावे दोन्ही अधिक चिन्हाने येतात. वजाबाकी करताना एका तुकड्यात बेरीज झाली, तर निव्वळ आकडा दणदणीत फुगतो आणि पटकन लक्षात येत नाही.

देशादेशाच्या स्वतःच्या रीतीही असतात. भारताचं उदाहरण घ्या. अनिवासी भारतीयाने इथल्या बँकेत ठेव ठेवली, तर ती वित्तीय खात्यात (कर्जं, ठेवी, गुंतवणुकी नोंदवण्याच्या खात्यात) भांडवलाची आवक म्हणून नोंदवली जाते. पुढे त्याच ठेवीतून देशातच रुपये काढून खर्च केले, की ती रक्कम खाजगी हस्तांतरणांत येते. सीमेवर त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं, तरी हस्तांतरण वाढतं. ही रीत ठाऊक नसेल तर भारताची मालिका तुम्ही अर्धीच वाचली असं समजा.

६. वर्ष कोणतं ते तपासा

आंतरराष्ट्रीय संचांत बहुधा कॅलेंडर वर्ष असतं. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक तक्त्यात एप्रिल ते मार्च. नेपाळचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यावर सुरू होतं. तिमाही आकडे मिळाले तर भारतासाठी कॅलेंडर वर्ष बिनचूक जुळवता येतं: जानेवारी ते मार्च ही आधीच्या आर्थिक वर्षाची शेवटची तिमाही, तिच्यात पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन मिळवायच्या. नेपाळच्या बाबतीत तिमाहीही मध्यातच तुटते, म्हणून तिथे वर्ष बदलू नका, आहे तेच ठेवून तसं स्पष्ट लिहा.

रिकाम्या जागी शून्य भरू नका. वर्ल्ड बँकेच्या फायलीत दोन टिंबं दिसली तर आकडा उपलब्ध नाही असा अर्थ. स्प्रेडशीटने त्याचं शून्य केलं की आलेखात नसलेली दरी तयार होते.

७. डॉलरच्या आकड्याला तीन चाळण्या लावा

नुसत्या डॉलरचा आलेख जवळपास प्रत्येक देशात वर चढणाराच दिसतो, कारण डॉलरचीही किंमत वर्षानुवर्षं घसरत आली आहे. म्हणून एक मालिका स्थिर किमतीत करा, दुसरी जीडीपीच्या टक्केवारीत, तिसरी दरडोई. तिन्हींतून वेगळी गोष्ट समोर येते. २०२२ मध्ये भारताच्या रेमिटन्सने १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, जगात सर्वाधिक. तरी देशाच्या जीडीपीशी ताडून पाहिलं तर ती रक्कम तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. नेपाळची रक्कम त्यामानाने लहान, पण तिथे ती जीडीपीच्या सुमारे पाव हिस्सा आहे. कोणता देश या पैशावर जास्त अवलंबून, हे डॉलरच्या आलेखावरून कधीच कळणार नाही.

विनिमय दराचा घोटाळाही इथेच होतो. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला. रशियात राबणारे ताजिक आणि किर्गिझ कामगार रुबलमध्ये कमावत होते, म्हणून २०१५ मध्ये डॉलरमधलं त्यांचं रेमिटन्स धाडकन खाली आलं. रशियातली मंदीही त्यात होती, पण घसरणीचा मोठा भाग केवळ रुबलचं डॉलरमध्ये रूपांतर करण्याचा होता. पाठवणारा ज्या चलनात कमावतो त्या चलनात आकडा बदलून पाहिल्याशिवाय ‘कामगारांनी पाठवणं कमी केलं’ असं लिहू नका.

८. आता उड्यांची कारणं शोधा

मालिका तयार झाली की वर्षागणिक बदल काढा आणि सगळ्यात मोठे चार-पाच बदल निवडा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: पैसा खरोखर वाढला, की वाट बदलली, की मोजणी बदलली?

पैसा खरोखर वाढल्याचं ठळक उदाहरण १९९१ ची अमेरिका. आखाती युद्धाचा खर्च उचलण्यासाठी सौदी अरेबिया, कुवेत, जपान, जर्मनी अशा देशांनी तिला मोठ्या रकमा दिल्या. व्यवहारतोलात त्या हस्तांतरण म्हणून आल्या आणि एरवी तुटीत असणारं अमेरिकेचं चालू खातं त्या वर्षी चक्क किंचित शिलकीत गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा तूट. ती शिल्लक निर्यात वाढल्याची खूण समजणारा साफ फसला असता. युक्रेनचं २०२२ चं चालू खातंही असंच. देश युद्धात होरपळत असताना ते शिलकीत आलं, आणि त्यामागे परकीय अनुदानांचा मोठा हात होता. त्याच काळात युक्रेनला मिळालेली कर्जं मात्र या मालिकेत शोधू नका, ती वित्तीय खात्यात आहेत.

लेसोथो आणि एस्वातिनीच्या मालिकेतले चढउतार आणखी निराळे. सीमाशुल्क संघाचे हप्ते अंदाजावर दिले जातात आणि अंदाज चुकला तर त्याची दुरुस्ती दोन वर्षांनी होते. २००८-०९ च्या जागतिक मंदीत आयात घटली, तिचा दणका या देशांच्या सरकारांना २०१०-११ मध्ये बसला. कारण आणि परिणाम यांच्यात असं अंतर असू शकतं, तेव्हा कारण त्याच वर्षात शोधायचा हट्ट धरू नका.

वाट बदलण्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोजणी फक्त बँक, पोस्ट, मनी ट्रान्सफर अशा अधिकृत मार्गाने आलेल्या पैशाची नीट होते. हवालाने किंवा खिशातून आलेला पैसा बहुतांशी सुटतो. भारतात १९९०-९१ मध्ये खाजगी हस्तांतरणं सुमारे २ अब्ज डॉलर होती आणि १९९६-९७ पर्यंत ती १२ अब्जांच्या वर गेली. सहा वर्षांत परदेशातले भारतीय सहापट झाले नव्हते, त्यांचे पगारही नाही. मार्च १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडला गेला, १९९४ मध्ये चालू खात्यावर परिवर्तनीयता आली, म्हणजे त्या खात्यातल्या व्यवहारांसाठी रुपया आणि परकीय चलन यांची अदलाबदल मोकळी झाली, सोनं आणण्यावरची बंधनं सैल झाली. अधिकृत आणि काळ्या बाजारातल्या दरातला फरक मिटल्यावर हवालाचं आकर्षण घटलं आणि आधीपासून येत असलेला पैसा बँकेतून दिसू लागला. आखातातली कमाई आणि पुढे आयटीतल्या लोकांचं स्थलांतर यांचाही वाटा आहेच, पण दराची ही गोष्ट वगळून त्या चढणीचं स्पष्टीकरण पुरं होत नाही.

२०२० मध्ये पुन्हा हेच दिसलं. करोनाची साथ सुरू झाली तेव्हा, एप्रिलमध्ये, वर्ल्ड बँकेने अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे जाणारं रेमिटन्स त्या वर्षी सुमारे २० टक्क्यांनी घसरेल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात घट दोन टक्क्यांच्याही आत राहिली. परदेशातल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून घरी पाठवलं, हे खरं आणि ते विसरता कामा नये. पण सीमा बंद झाल्यामुळे हातोहात पैसे नेणं थांबलं, ते पैसे ॲप आणि बँकेतून येऊ लागले, आणि मोजले गेले. दोन्ही कारणं लिहा. फक्त पहिलं लिहिलं तर भावनिक आणि अपुरं होतं, फक्त दुसरं लिहिलं तर त्या माणसांवर अन्याय होतो.

सरकारी धोरणांची यादीही जवळ असू द्या. बांगलादेशने २०१९ मध्ये अधिकृत मार्गाने आलेल्या रेमिटन्सवर २ टक्के रोख प्रोत्साहन सुरू केलं, जानेवारी २०२२ पासून ते २.५ टक्के केलं. अशा तारखा आलेखावर उभ्या रेघेने दाखवल्या की अर्धी चर्चा तिथेच मिटते.

९. कोणत्या देशातून आलं हे सांगताना जपून

हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कच्चं असतं. आखातातून निघालेले पैसे न्यूयॉर्कमधल्या मध्यस्थ बँकेमार्फत आले, तर नोंद अमेरिकेच्या नावावर होऊ शकते. फिलिपिन्सची मध्यवर्ती बँक आपल्या आकड्यांसोबत असा खुलासा स्पष्टपणे देते. देशवार विभागणी वापरायचीच असेल तर तो खुलासा आपल्या तक्त्याखालीही लिहा.

१०. फाइलवर तारीख टाका

व्यवहारतोलाचे आकडे वारंवार सुधारले जातात. ताज्या तिमाहीचा आकडा प्राथमिक असतो आणि तो वर्षभराने बराच सरकलेला आढळतो. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, नावात उतरवून घेतल्याची तारीख घाला आणि तुमचं काम तिच्या प्रतीवर करा.

आणि नावं पुन्हा बदलणार आहेत. नियमपुस्तिकेची सातवी आवृत्ती २०२५ मध्ये आली आहे. तिच्यात दुय्यम उत्पन्नाला ‘ट्रान्सफर इन्कम’ आणि प्राथमिक उत्पन्नाला ‘अर्न्ड इन्कम’ म्हटलं आहे. देश ती हळूहळू स्वीकारतील, तेव्हा काही वर्षं एकाच ओळीसाठी तीन नावं समोर येतील: चालू हस्तांतरणं, दुय्यम उत्पन्न आणि हे नवं. स्प्रेडशीटच्या पहिल्या पानावर तिन्ही आत्ताच लिहून ठेवा.